अंकलची जुनी जपानी गिटार: कुठला पार्ट बदलायचा, कुठला ठेवायचा आणि माप कसं घ्यायचं

शेजारचे अंकल तारवटी होते, म्हणजे बोटीवर. १९६० च्या दशकात कधीतरी जपानच्या बंदरात बोट लागली तेव्हा त्यांनी एक इलेक्ट्रिक गिटार उचलली, ती पुढे बरीच वर्षं लग्नांच्या बँडमध्ये वाजली आणि मग माळ्यावर गेली. आता गोव्यातला माळा म्हणजे वर कौलं, चार महिने पाऊस आणि आमच्याकडे तर मागेच खाडी, त्यामुळे खारी हवा बारा महिने. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बघ रे काय होतं का. तार ताणायची एक खुंटी गायब, तिच्या जागी कुणीतरी भलतीच बसवलेली, ब्रिजवरचं (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) एक सॅडल (तारेखालचा छोटा तुकडा) नाही, दोन गंजून घट्ट, नट तडकलेला (हा नट म्हणजे बोल्टचा नव्हे, हेडस्टॉकपाशी, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकापाशी, तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी), व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरणारा पार्ट) जाम, एक पिकअप (तारांची थरथर पकडणारा चुंबक-गुंडाळीचा पार्ट) मुका, एक नॉब नाही, पिकगार्डला (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला) चीर, ट्रेमोलोचा दांडा (ब्रिजला लागतो, सूर हलवायचा) कधीच हरवलेला. हेडस्टॉकवरचं नाव पण पुसून गेलेलं.

गोव्यात अशा गिटार बऱ्याच घरांत निघतात. कुणाचा बाप बोटीवर, कुणाचा काका गल्फला, कुणी हणजुण्याला हिप्पी लोकांकडून घेतलेली. पण ते पार्ट असेच्या असे आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून लोक मिळेल तो पार्ट आणतात आणि तो बसवायला लाकडात ड्रिल मारतात. ते करू नका. पार्ट परत काढता येतो, भोक परत बुजवता येत नाही, म्हणजे बुजवता येतं पण दिसतं. मी पूर्ण काम एकाच नियमावर केलं की पार्टने गिटारशी जुळवून घ्यायचं, गिटारने पार्टशी नाही. एकदाच नियम मोडला, ते पुढे येईल.

आधी फोटो, मग स्क्रूड्रायव्हर

काहीही उघडायच्या आधी फोन काढा आणि सगळीकडून फोटो घ्या, मागची बाजू, हेडस्टॉक, ब्रिज, आणि पिकगार्ड उचलल्या उचलल्या आतल्या वायरींचे तर दहा-पंधरा फोटो. तेव्हा वाटतं की लक्षात राहील, राहत नाही. स्क्रू काढाल ते एका डब्यात टाकू नका, आइसक्यूबचा ट्रे घ्या नाहीतर जाड कागदावर पिकगार्डचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी खोचून ठेवा. जुन्या गिटारचे स्क्रू वरून सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते, लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर बॉडीतून बाहेर नाही येणार पण नेकचा (मानेचा) असेल तर फ्रेटबोर्डला (बोटं दाबायच्या पट्टीला) खालून धक्का देईल.

जपानी गिटार असेल तर अजून एक गोष्ट. त्यांच्या चौफुली स्क्रूचं डोकं जपानी पद्धतीचं असतं, आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि जोर दिला की उसळून खाच खाऊन टाकतो. जपानी टोकाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर फिलिप्सचं टोक किंचित घासून बोथट करा म्हणजे तो खाचेत खोल बसतो. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, गरम होऊन थंड झाला की पकड सुटते, मग आधी थोडा घट्ट करायचा आणि मग सोडायचा.

गिटार अमेरिकन असेल तर पिकगार्ड उघडल्यावर पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे छापलेले दिसतील. समजा १३७६६३३ आहे, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षीचा तेहेतिसावा आठवडा. ३०४ ने सुरू होत असेल तर स्टॅकपोल. हा पॉट कधी बनला ते कळतं, गिटार त्यानंतरची, आणि अर्थात पॉट मधे कुणी बदललेला नसेल तरच. पण अशी गिटार हातात आली आणि आकडे ५० किंवा ६० च्या दशकातले निघाले तर तिथेच थांबा, रंग काढू नका, पॉलिश मारू नका, मूळ सोल्डरला हात लावू नका, कारण त्या गिटारची किंमत मूळ असण्यातच आहे. अंकलच्या गिटारला असलं काही नव्हतं, त्यामुळे मला मोकळीक होती.

माप

वर्नियर कॅलिपर घ्या, डिजिटलवाला स्वस्त पण चालतो. पट्टीने हे काम होत नाही. आणि मिलिमीटर आणि इंच दोन्हीत मोजा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अमेरिकन गिटार इंचात, जपानी-कोरियन-चिनी मिलिमीटरमध्ये, आणि दोन्ही इतकी जवळ जवळ असतात की नजरेला फरक कळत नाही. जुन्या फेंडर (अमेरिकन कंपनी, गिब्सनही तशीच) ब्रिजची बाहेरच्या दोन तारांमधली जागा साधारण ५६ मिमी, नवीन पद्धतीच्या ब्रिजची ५२ च्या आसपास. अमेरिकन पॉटच्या गळ्याला ९.५ मिमीचं भोक लागतं, चिनी छोट्या पॉटला ७-८ मिमी पुरतं. क्लूसन कंपनीच्या जुन्या खुंट्यांचं हेडस्टॉकमधलं भोक ११/३२ इंच म्हणजे ८.७ मिमी, आजकालच्या बंद खुंट्यांना १० मिमी. म्हणजे नवीन खुंट्या आणल्या की भोक मोठं करावंच लागणार असं दुकानदार सांगतो, पण करावं लागत नाही, त्याच मापाच्या जुन्या ढंगाच्या खुंट्या अजून बनतात. उलट कुणी आधीच भोक मोठं करून ठेवलं असेल तर त्यात बसणारे बुश (बारीक नळ्या) मिळतात, बाहेरून १० आणि आतून जुन्या मापाचे.

दोन स्क्रूंमधलं अंतर मोजताना मध्यापासून मध्यापर्यंत डोळ्याने धरू नका, चुकतं. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, भोकं सारखी असतील तर तेच मध्य ते मध्य. आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, नटपासून बाराव्या फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजून दुप्पट करायची. फेंडरची ६४८ मिमी येते, गिब्सनची ६२८ च्या आसपास, अंकलची यातली कुठलीच नाही आली, त्यामुळे बाहेरून तयार नेक आणून लावायचा विचार असेल तर पहिल्याच दिवशी सोडून द्यायचा. हे सगळं वहीत लिहा, ऑर्डर देताना समोर ठेवा. साइटवर फोटो सारखा दिसला म्हणून मागवलेला पार्ट परदेशातून येतो, वर कस्टम ड्युटी लागते, आणि परत पाठवायचा खर्च पार्टपेक्षा जास्त.

खुंट्या

पहिलं, जी खुंटी जड फिरते ती खराब असेलच असं नाही. उघड्या गिअरची असेल तर टूथब्रशने जुनं चिकट तेल-धूळ काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, गिअरच्या दातांवर नखाएवढी व्हॅसलीन, आणि दहा वेळा फिरवा. माझ्या पाचपैकी तीन तेवढ्यावर मोकळ्या झाल्या. खरी झिजलेली कुठली ते असं बघा, तार थोडी ताणून बटण पुढेमागे हलवा, बटण फिरतं पण खांब हलत नाही असं पाव फेरा होत असेल तर दात गेले. प्लॅस्टिकचं बटण तडकून चुरा होत असेल तर पूर्ण खुंटी बदलायची गरज नाही, तसलीच सुटी बटणं मिळतात, दांडी सोल्डरिंग आयर्नने गरम करून त्यावर बटण दाबून बसवायचं, सरळ धरायचं आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही.

गायब खुंटीसाठी मी पूर्ण सेट नवीन घेणार होतो, पण मग पाच चांगल्या खुंट्या पिशवीत जाणार. शेवटी एका म्युझिक शॉपच्या मागच्या खोलीत मोडक्या गिटारचा ढीग होता, त्यात जवळपास सारखी एक मिळाली. गोव्यात जुन्या दुकानदारांकडे असा ढीग असतोच, म्हापसा, मडगाव, पणजी कुठेही, फक्त फोनवर विचारलं तर नाही म्हणतात, जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. एक बघा, उजव्या बाजूची खुंटी डाव्या बाजूला लावली तर बसते पण उलटी फिरते, अंकलच्या गिटारला कुणीतरी तेच केलेलं.

खुंटीचे छोटे स्क्रू लाकडात सैल झाले असतील, बहुतेक होतातच, तर अगरबत्तीची संपलेली काडी घ्या, ती बांबूचीच असते, थोडं फेविकॉल लावून भोकात खोचा, वर ब्लेडने सपाट कापा, रात्रभर वाळू द्या आणि मग मध्ये सुईने खूण करून स्क्रू फिरवा. स्क्रूला आधी मेणबत्तीचं मेण चोळा, सुकं लाकूड आणि छोटा स्क्रू म्हणजे डोकं तुटायची खात्री.

ब्रिज, आणि माझी चूक

ब्रिजची उंची ज्या दोन खांबांवर कमीजास्त होते त्यातला एक वाकलेला होता. एम४ चा (४ मिमी जाडीचा) स्क्रू दिसत होता, हार्डवेअरच्या दुकानात एम४ सहज मिळतो, आणला, लावला, दोन फेरे मस्त गेला, मग घट्ट झाला. मला वाटलं गंज आहे. पक्कड लावली. कर्र झालं आणि ब्रिजच्या आतले आटे गेले.

मग कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक ओळखीचा टर्नर (लेथवाला), त्याने थ्रेड गेज लावून एका मिनिटात सांगितलं की जुना स्क्रू एम४ च आहे पण आटे ०.७५ मिमीचे (दोन आट्यांमधलं अंतर), आणि आताच्या एम४ चे ०.७. जपानमध्ये आंतरराष्ट्रीय माप येण्याच्या आधी त्यांचं स्वतःचं माप होतं, त्यात एम३ चे आटे ०.६ (आता ०.५), एम४ चे ०.७५ (आता ०.७), एम५ चे ०.९ (आता ०.८). म्हणून ६० च्या दशकातल्या जपानी गिटारवर आजचा स्क्रू दोन फेरे जातो आणि मग खातो. हे मला आधी माहीत असतं तर एक ब्रिज वाचला असता. म्हणून स्क्रू बोटांनी जाईल तेवढाच घाला, बोटांनी अडला की थांबा, तो गंज नसतो. त्या टर्नरने चांगल्या बाजूसाठी पितळेच्या रॉडमधून ०.७५ च्या आट्याचा नवीन खांब कापून दिला, आणि मी खाऊन टाकलेलं भोक एम५ चं करून त्याला वेगळा खांब. आता अंकलच्या ब्रिजला एक पाय एम४ आणि दुसरा एम५ आहे. वाजताना कळत नाही, मला कळतं.

अमेरिकन गिटारवर हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो. गिब्सनच्या जुन्या ब्रिजचे खांब ६-३२ आट्याचे (अमेरिकन इंची माप), थेट लाकडात घातलेले, नवीन मेट्रिक खांब जाड असतात, ते घालायला लाकूड खोदावं लागतं. तिथेही बाजारात जुन्या मापाचा ब्रिज मिळतो, तोच घ्या.

गायब सॅडलसाठी बाकीच्यांपैकी एक सुटं करून मापाला दिलं, त्यावरून त्याच टर्नरने पितळेचं एक केलं. बाकीची जुनी पांढऱ्या धातूची, हे पिवळं, म्हणून वेगळं दिसतं, मला चालतं. गंजून बसलेल्या दोन सॅडलना आठवडाभर गंज सोडवायच्या तेलात बुडवून ठेवलं, रोज थोडं हलवलं. घाई केली की छोट्या स्क्रूचं डोकं तुटतं आणि मग बारीक ड्रिलने पोखरत बसायचं.

नट

जुना नट काढताना आधी त्याच्या कडेने ब्लेड फिरवून रंगाची आणि गोंदाची रेघ कापा, नाहीतर नटबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. मग फ्रेटबोर्डच्या बाजूने छोटा लाकडी ठोकळा टेकवून हलकेच टकटक. नवीन नटसाठी हाडाचा कोरा तुकडा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, प्लॅस्टिकचा घेऊ नका, एवढी मेहनत करायची तर हाड. रुंदी आणि जाडी खाचेच्या मापाची करायला काचेवर सँडपेपर चिकटवा आणि त्यावर घासा, हातात धरून घासलं की तळ गोल होतो. मास्क लावा, हाडाची धूळ नाकात गेली की खोकला आणि वास दोन्ही.

तारेच्या खाचा कापायला खास फाइल्स येतात, महाग असतात. मी गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या बारीक काड्यांचा सेट वापरला, हार्डवेअरमध्ये मिळतो, वेगवेगळ्या जाडीच्या असतात. सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच म्हणजे पाव मिमी, खाच त्याहून किंचितच मोठी हवी. खाच हेडस्टॉककडे थोडी उतरती ठेवा. खोली तपासायची युक्ती अशी की तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेटच्या मध्ये कागद जाईल न जाईल एवढी फट हवी. फट अजिबात नसेल तर खाच जास्त खोल गेली, नवीन हाड घ्या. मी तीन तुकडे वाया घालवले, चौथा बसला. चिकटवताना फेविकॉलचे दोन थेंब, फेविक्विक नको, उद्या कुणालातरी काढायचा असेल.

वायरिंग

मल्टीमीटर घ्या आणि आधी मोजा, बदलण्याचं नंतर. जाम पॉट बहुतेक वेळा मेलेला नसतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नास वेळा पुढेमागे फिरवला की जिवंत होतो. फक्त दरवाज्याच्या कडीला मारतो तो स्प्रे पॉटमध्ये मारू नका, आतलं वंगण धुवून जातं आणि मागे चिकटा राहतो.

खरंच बदलायचा असेल तर सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) २५० के (किलोओहम) आणि हम्बकरला (दोन गुंडाळ्यांच्या) ५०० के हा साधा नियम, पण जुन्या जपानी गिटारवर तो चालेलच असं नाही, म्हणून जुन्या पॉटची बाहेरची दोन टोकं मोजा आणि तोच आकडा आणा. मोजताना वायर सोडवलेली हवी, नाहीतर पिकअपचा रेझिस्टन्स मध्ये येतो. आशियातल्या पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, व्हॉल्यूमला ए घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बहुतेक वेळा बी च ठेवलेला असतो आणि तोच देतात, पॉट अर्ध्यावर फिरवून मधलं आणि सुरुवातीचं टोक मोजा, अर्धा आकडा आला तर बी, दहा-पंधरा टक्केच आला तर ए. दांडीचे दातेही बघा, अमेरिकन पॉटला २४ दाते, मेट्रिकला १८, एकाचा नॉब दुसऱ्यावर ठोकून बसवला की फुटतो. टोनचा कपॅसिटर सहसा ठीक असतो, बदलायचाच तर २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ४७३ म्हणजे ०.०४७. जुन्या कपॅसिटरसाठी लोक हजारो रुपये देतात, देऊ दे.

आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: जुन्या वायरिंगमधला एक एक पार्ट सोडवू नका. पॉट, स्विच, जॅक हे सगळं एकमेकांना जोडलेलं जसंच्या तसं उचला, फक्त पिकअपच्या, ब्रिजच्या ग्राउंडच्या वायरी सोडवा, आणि तो संपूर्ण गुच्छ पिशवीत घालून ठेवा. नवीन गुच्छ बाहेर कार्डबोर्डवर भोकं पाडून त्यावर तयार करा, तपासा, मग आत बसवा. जुनं परत लावायचं झालं तर अर्ध्या तासाचं काम. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायला २५ वॉटचा आयर्न पुरत नाही, पाठ उष्णता खाते आणि तुम्ही टेकवून बसता तोवर पॉट आतून भाजतो, ६० वॉटने तीन सेकंदात काम होतं. आधी पाठ सँडपेपरने खरवडा.

मुका पिकअप फेकू नका. मीटर लावला आणि काहीच दाखवलं नाही तर आत वायर तुटली आहे, पण बरेचदा ती तुटते अगदी टोकाला, बाहेरची वायर जिथे जोडली जाते तिथे. भिंग लावून बघा. ती तार केसापेक्षा बारीक असते आणि खाऱ्या हवेत त्या सांध्यावर हिरवा चुरा जमतो. माझा पिकअप तिथेच तुटलेला होता, श्वास रोखून सोल्डर केला आणि वाजला. आत खोलवर तुटली असेल तर परत गुंडाळून मिळतो, जुना मॅग्नेट आणि कव्हर तेच ठेवून.

सगळं लागल्यावर ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात मीटरने बीप येतो का बघा. तारांना हात लावला की गुणगुण कमी झाली तर ग्राउंड ठीक. आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नका, जुना दोन पिनचा अॅम्प असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनचा, नीट अर्थिंगचा करून घ्या. गिटारच्या तारा थेट अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगवर ओठ माइकला लागले की झटका बसतो, आणि तो कधीकधी शेवटचा असतो.

दिसणारे पार्ट

पिकगार्ड तडकला असेल तर नवीन कापून घ्यायला कुठे लांब जायची गरज नाही, नेमप्लेट आणि साइनबोर्ड बनवणारे लेझरने अॅक्रेलिक कापतात. जुना स्कॅन करून द्या, भोकांसकट. आधी जाड पुठ्ठ्यात एक कापून गिटारवर ठेवून बघा, कारण जुना प्लॅस्टिक आकसलेला असतो, त्याची भोकं आता लाकडातल्या भोकांशी जुळत नाहीत, त्यावरून कापलं तर नवीनही जुळणार नाही. आणि जुना पिकगार्ड सेल्युलॉइडचा असेल, पन्नासच्या शेवटच्या आणि साठच्या सुरुवातीच्या बऱ्याच फेंडरवर होता, तर तो बंद केसमध्ये बाकीच्या पार्टबरोबर ठेवू नका, तो हळूहळू वायू सोडतो आणि जवळचं लोखंड-निकेल खातो. नॉब थ्रीडी प्रिंटवाल्याकडून होतो.

स्क्रूंचं म्हणाल तर समुद्राजवळ राहता तर दिसणारे नवीन स्क्रू स्टेनलेसचे घ्या, जरा जास्तच चमकतात, दोन पावसाळे गेले की डोळ्यांना सवय होते.

जुने काढलेले सगळे पार्ट, तुटके सुद्धा, चिठ्ठी लिहून झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल. पावसात आमच्याकडे आर्द्रता ८०-९० च्या घरात असते आणि गिटारला ५० च्या आसपास आवडते, म्हणून केसमध्येही दोन पुड्या ठेवतो आणि महिन्याने तव्यावर मंद गरम करून परत वापरतो. जूनमध्ये नेक वाकतो, ट्रस रॉड (नेक सरळ करायची आतली सळी) पाव फेऱ्याच्या वर एका दिवसात फिरवू नका, रात्रभर सोडा, मग बघा. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं) पण तेव्हाच. बारावी फ्रेट दाबून आलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच बोट नुसतं टेकवून येणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे.

चवथीला अंकल आले, आरतीनंतर घुमट (मातीचं वाद्य) बाजूला ठेवलं आणि गिटार मांडीवर घेतली. पहिला हात सवयीने ब्रिजच्या मागे दांड्याकडे गेला, आणि दांडा तर नाहीच. तो अजून मिळालेला नाही. फेंडरचा जुना दांडा १०-३२ आट्याचा, स्वस्त चिनी एम६, आणि याचं भोक टर्नरच्या गेजवर एम५ आणि ०.९ आलं, म्हणजे तोच जुना जपानी प्रकार. सध्या सहा मिमीचा स्टीलचा रॉड गरम करून वाकवलाय, टोकाला आटे कापायला दिलाय. तोवर अंकल बोटाने ब्रिज दाबून काम भागवतात.